गुळगुळीत कागदावरचा पितृदोष

पुतणीच्या लग्नाची बोलणी चालली होती. पाहुणे सिन्नरकडचे, मुलगा अंबडच्या एका कारखान्यात इंजिनिअर. चहा-पोहे झाले होते आणि देण्याघेण्याचा विषय कुणी काढला नाही म्हणून आमचे दादा खुशीत होते. तेवढ्यात मुलाच्या मामांनी बशी खाली ठेवली आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "वहिनींच्या लिव्हरचं ते... जेनेटिक असतं ना?"

मी एकतीस वर्षं नाशिकच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं. मेंडेलचे वाटाणे किती तुकड्यांना सोलून दिले त्याची गणती नाही. तेव्हा उत्तर माझ्याकडे असणार, असं समजून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तसं नाही, म्हणजे आहे थोडं, पण..." आणि त्या 'पण'च्या पुढचं मांडायच्या आत मामांनी घड्याळ पाहिलं. ते राहून गेलेलं आज इथे मांडतो आहे, कारण तोच प्रश्न आता पुष्कळ घरांच्या दिवाणखान्यात येऊन बसला आहे.

मामांना कळलं कसं, तर दादांमुळेच. वहिनींच्या आजारपणाने धसका घेतलेल्या दादांनी मुलीची 'जनुकीय आरोग्य तपासणी' करून घेतली होती. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, नळी पाठवून द्यायची, महिन्याभराने चाळीस पानी गुळगुळीत पुस्तिका घरी. त्यात यकृताच्या पानावर लाल पट्टी होती: ऑटोइम्युन यकृतविकार, धोका वाढलेला. दादा सरळ माणूस. सोयरीक जमवणाऱ्या गृहस्थांना त्यांनी ते स्वतःच सांगितलं, लपवाछपवी नको म्हणून.

आधी वहिनींचं सांगतो. सहा वर्षांपूर्वीच्या दिवाळीत चकल्या पाडताना त्यांच्याच्याने सोऱ्या दाबवेना. दोन घाणे झाले की खाली बसायच्या. आम्ही म्हटलं वय झालं, थकवा असेल. मग डोळे पिवळे झाले. शेजारणीने दिंडोरीच्या बाजूच्या एका गावातून काविळीची माळ आणून दिली. गळ्यात घातलेली माळ काड्या वाळतील तशी लांबत जाते आणि ती बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली, असा हिशेब. माळ लांबली, कावीळही उतरली. चार महिन्यांनी ती परत आली तेव्हा यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एसजीपीटी नऊशेच्या घरात होतं.

या आजाराची हीच खोड आहे. तो आपला आपण चढतो आणि काही दिवस आपला आपण उतरतोही. उतरताना जे काही गळ्यात किंवा पोटात असेल त्याला श्रेय मिळतं. आत यकृताची खरवड चालूच असते.

पुढे डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो दारूचा. नाशिक द्राक्षांचं आणि वाइनचं गाव, त्यामुळे लिव्हर म्हटलं की लोकांच्या नजरा आधी ग्लासाकडे जातात. वहिनी माळकरी घरातल्या, पौष वद्य एकादशीला निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला पायी जाणाऱ्या. हा प्रश्न त्यांच्या जिव्हारी लागला. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई सगळे निगेटिव्ह निघाले. रक्तातलं आयजीजी हे प्रतिपिंड जवळजवळ दुप्पट, आणि एएनए, म्हणजे स्वतःच्याच पेशींविरुद्धचं 'स्वप्रतिपिंड', पॉझिटिव्ह. मग सुईने यकृताचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा निदान पक्कं झालं: ऑटोइम्युन हिपॅटायटिस. शरीराची स्वतःची फौज स्वतःच्याच यकृतावर चालून जाते तो आजार.

वैद्यकाला याची ओळख तशी अलीकडची. १९५० मध्ये स्वीडनच्या यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी तरुण स्त्रियांमधल्या अशा चिवट काविळीचं वर्णन केलं. १९५६ मध्ये मेलबर्नच्या इयन मकाय आणि सहकाऱ्यांनी त्याला 'ल्युपॉइड हिपॅटायटिस' म्हटलं. स्टिरॉइड येईपर्यंत तीव्र आजाराचे बहुतेक रुग्ण काही वर्षांतच दगावत. आज गोळ्या नियमित घेणारा माणूस पुष्कळदा पुरं आयुष्य काढतो. बायकांमध्ये हा पुरुषांच्या तिप्पट-चौपट आढळतो.

आता जनुकांकडे येऊ. सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाच्या जनुकांची वस्ती आहे. पेशीत सापडलेले प्रथिनांचे तुकडे वाटीत घालून टी-पेशींपुढे, म्हणजे शरीराच्या फौजेतल्या पहारेकऱ्यांपुढे धरणं, हे त्यांचं काम. टी-पेशी ती वाटी पाहते आणि ठरवते, हा घास घरचा की परका. वाटीचा आकार माणसागणिक वेगळा असतो, त्यामुळे कुणाच्या वाटीत कोणता घास नीट बसेल तेही वेगळं. उत्तर युरोपातल्या रुग्णांमध्ये डीआरबी१*०३:०१ आणि डीआरबी१*०४:०१ या दोन आकारांच्या वाट्या निरोगी लोकांपेक्षा बऱ्याच जास्त दिसतात. दोघींच्या काठावर ७१ क्रमांकाच्या जागी लायसिन नावाचं एकच अमिनो आम्ल असतं. एवढ्याशा फरकाने यकृताचा एखादा घरचा घास परका वाटू लागत असावा, असा संशोधकांचा कयास आहे.

पुतणीच्या पुस्तिकेतली लाल पट्टी होती ती याच ०३:०१ ची.

आणि इथेच माझा मुद्दा आहे. ही पट्टी खोटी नाही. पण ज्या घरात ती गेली तिथे तिचा उपयोग शून्य झाला आणि उपद्रव मोठा. निरोगी माणसाला असा रिपोर्ट विकणं बंद व्हावं, आणि जनुकीय तपासणीचा पैसा आजारी माणसाचं औषध ठरवायला लागावा, असं माझं म्हणणं आहे. ते का, हे समजायला पाचवीतल्या मुलालाही जमेल एवढंच गणित लागतं.

युरोपातले ढोबळ आकडे घ्या. एक लाख माणसांत हा आजार असलेली साधारण वीस. त्याच लाखात डीआर३ ही, म्हणजे ०३:०१ च्या जातीची, वाटी असलेली साधारण वीस हजार, म्हणजे दर पाचांत एक. रुग्णांपैकी निम्म्यांकडे ही वाटी असते, असं धरू. म्हणजे वाटीवाल्या वीस हजारांत रुग्ण दहा. दोन हजारांत एक. वाटी नसलेल्या ऐंशी हजारांतही रुग्ण दहाच, म्हणजे आठ हजारांत एक. दोघांची तुलना केली की 'चौपट धोका' हे वाक्य तयार होतं आणि ते खरंही आहे. मी शिकवायचो त्या महाविद्यालयात दोनेक हजार मुलं होती. सगळ्यांची ही वाटी असती तरी आजारी एखादाच सापडला असता. बाकीच्या १,९९९ जणांच्या हातात आपण लाल पट्टी ठेवणार, त्यांच्या सोयरिकी अडवणार, आणि त्या एकाला तरी काय सांगणार? हा आजार होऊ नये म्हणून घ्यायची गोळी अजून अस्तित्वात नाही.

घरात रुग्ण असला की धोका वाढतो, हेही खरं. डेन्मार्कमध्ये सगळ्या देशाच्या आरोग्यनोंदी एकत्र ठेवतात. त्यांवरून दिसलं की रुग्णाच्या आईवडील-भावंडं-मुलांमध्ये हा आजार इतरांच्या पाचपट आढळतो. 'पाचपट' ऐकून छातीत धस्स होतं. पण त्याच अभ्यासात पुढच्या दहा वर्षांचा प्रत्यक्ष धोका हजारात एकाच्या आसपास होता. मुळात दुर्मीळ असलेल्या गोष्टीची पाचपट झाली तरी ती दुर्मीळच राहते. मामांना मला हेच सांगायचं होतं.

यकृताचे दुसरे ऑटोइम्युन आजार घेतले तर चित्र थोडं बदलतं, आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. प्रायमरी बिलियरी कोलँजायटिसमध्ये यकृतातल्या बारीक पित्तनलिका जळतात आणि दहा रुग्णांत नऊ बायका असतात. त्यात जनुकांचं वजन जास्त दिसतं. एकसारख्या जुळ्यांच्या आठ जोड्या तपासल्या, तर पाच जोड्यांत दोघींनाही आजार होता. २००९ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या रुग्णांच्या जनुकसंचाची चाळणी झाली, तेव्हा एचएलएखेरीज आयएल१२ए आणि आयएल१२आरबी२ ही दाहाचे निरोप पोचवणारी जनुकं सापडली. ऑटोइम्युन हिपॅटायटिसची तशीच मोठी चाळणी २०१४ मध्ये नेदरलँड्समध्ये झाली. ६४९ रुग्ण, तेरा हजारांहून जास्त निरोगी माणसं. सगळ्यात ठळक निघाली ती पुन्हा एचएलएचीच वस्ती. एसएच२बी३सारखी बाकीची जनुकं होती, पण प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. भाजीत मीठ कुणी टाकलं, मिरची कुणी टाकली आणि कढई शेवटी चुलीवर कुणी ठेवली, हे वेगवेगळं असतं तसं.

अजून एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. या आजाराचं निदान करायला डॉक्टरांनीच गुणांची पद्धत बनवली आहे. १९९९ च्या सुधारित पद्धतीत डीआर३ किंवा डीआर४ (०४:०१ च्या जातीची वाटी) असेल तर एक जादा गुण मिळे. २००८ मध्ये ती सोपी केली, तेव्हा चारच गोष्टी ठेवल्या: स्वप्रतिपिंडं, आयजीजी, यकृताचा तुकडा, आणि विषाणू नसल्याची खात्री. एचएलए गळलं. आजारी माणसाच्या निदानासाठीही जे जनुक डॉक्टरांना आवश्यक वाटलं नाही, ते निरोगी माणसाला भविष्य म्हणून विकलं जातं आहे.

आणि भविष्य तरी कुणाचं? जपानी रुग्णांमध्ये ठळक दिसते ती ०४:०५ ही वाटी. अर्जेंटिना-ब्राझीलच्या मुलांमध्ये १३:०१. अर्जेंटिनातल्या संशोधकांना २००१ मध्ये असं आढळलं की, हिपॅटायटिस ए ची कावीळ ज्यांची लवकर हटत नाही त्यांच्यातही हीच १३:०१ वाटी जास्त असते. म्हणजे पाण्यातून येणारी साधी कावीळ आणि ही जनुकीय वाटी यांची गाठ कुठे तरी पडत असावी. आपल्याकडे तर लहानपणी हिपॅटायटिस ए होऊन गेलेली माणसं गल्लोगल्ली आहेत. नाशिकच्या माणसाचा धोका मोजायचा तर इथल्या वाट्या आणि इथल्या काविळी घेऊन मोजायला हवा. हॉलंडच्या मापाने शिवलेला सदरा आपल्या अंगाला कुठे ढगळ, कुठे तंग होणारच.

त्यात आपण जातीबाहेर लग्न करत नाही आणि मामाची मुलगी पिढ्यानपिढ्या करत आलो. त्यामुळे एकेका समाजात ठरावीक वाट्यांचे संच साठून राहिलेले असतात. कुणब्यांचं मोजमाप कोकणीला लागू होईलच असं नाही, आणि पेठ-सुरगाण्याच्या महादेव कोळ्यांना तर दोन्ही नाही. देशातल्या ८३ समाजगटांतल्या दहा हजार माणसांच्या जनुकसंचाची माहिती 'जीनोमइंडिया' प्रकल्पाने २०२५ च्या जानेवारीत संशोधकांसाठी खुली केली. तो पाया आहे. त्यावर आजारांची भिंत उभी करायला रुग्णांच्या नोंदी लागतात, आणि त्यासाठी आपल्याला दिल्लीकडे बघायचं कारण नाही. राज्यभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून घेणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच म्हसरूळला, दिंडोरी रस्त्यावर बसलेलं आहे. ऑटोइम्युन यकृतविकाराच्या रुग्णांची एक साधी राज्यव्यापी नोंदवही ठेवायची म्हटलं तर त्याच्याइतकी सोयीची जागा नाही. पदवीदान समारंभाच्या मंडपाला लागतो त्याहून फार जास्त खर्च येईल, असं मला वाटत नाही.

इथे माझ्या मास्तरकीवरचा एक गुन्हाही कबूल करतो. आम्ही मुलांना वाटाणे शिकवले: उंच, बुटका, हिरवा, पिवळा, तीनास एक. परीक्षेला सोपं पडतं. त्यातून पोरांच्या डोक्यात पक्कं बसलं ते असं की, जनुक आलं म्हणजे गुण आलाच. ऑटोइम्युन हिपॅटायटिस तसा वाटाणा नाही, हे सांगायला अभ्यासक्रमात तास उरत नसे. मराठीत आपल्याकडे 'आनुवंशिक' आणि 'जनुकीय' असे दोन चांगले शब्द आहेत आणि आपण ते एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतो. आजार वंशातून उतरतो तेव्हा आनुवंशिक म्हणावं. नुसता त्याच्याकडे कल उतरतो तेव्हा 'जनुकीय कल' म्हणावं. मामांना 'कल' हा शब्द ऐकवला असता तर कदाचित त्यांनी बशी पुन्हा उचलली असती.

त्र्यंबकेश्वर आमच्यापासून तासाभरावर. नारायण नागबळीला देशभरातून माणसं येतात. पूर्वजांचं काही तरी राहून गेलं आणि ते आपल्याला भोवतं आहे, या भावनेने येतात. त्या श्रद्धेवर मला इथे बोलायचं नाही. पण पुतणीची पुस्तिका चाळताना सारखं वाटत राहिलं की हा तोच पितृदोष आहे, फक्त गुळगुळीत कागदावर छापलेला. दोष पूर्वजांचा, भोग तुझा, आणि शांतीसाठी पुढच्या पानावर पूरक गोळ्यांची जाहिरात. त्र्यंबकला निदान तीन दिवसांनी विधी संपतो. रिपोर्ट मुलीच्या नावाने कुठल्या तरी सर्व्हरवर जन्मभर पडून राहतो.

विम्याचंही तसंच. अर्जात 'कुटुंबात कुणाला काय' हा रकाना असतोच. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हृदयविकाराच्या एका प्रकरणात, 'जनुकीय विकार' अशा मोघम शब्दांत सरसकट विमा नाकारणं भेदभावाचं ठरवलं. अमेरिकेने जनुकांवरून आरोग्यविमा आणि नोकरी नाकारण्याविरुद्ध २००८ मध्येच खास कायदा केला. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. लग्नाच्या बाजारात तर कुठलंच न्यायालय बसत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी आता याच धंद्यात आहे. तो म्हणाला, "सर, माहिती असण्यात वाईट काय? आणि विल्सनचं काय?" पोरगा हुशार आहे, बरोबर जागी बोट ठेवलं. विल्सनच्या आजारात यकृतात तांबं साठतं. तो एकाच जनुकाचा, एटीपी७बीचा, खराखुरा मेंडेलचा आजार. आईवडील दोघं वाहक असतील तर प्रत्येक मुलाला चारांत एक धोका, आणि वेळेत कळलं तर तांबं काढणारी गोळी देऊन यकृत आणि मेंदू दोन्ही वाचतात. तिथे रुग्णाच्या सख्ख्या भावंडांची तपासणी न करणं हाच गुन्हा. तरुण मुलाला कावीळ येते तेव्हा चांगला डॉक्टर ऑटोइम्युन आणि विल्सन दोन्ही मनात ठेवतो. म्हणजे जनुकीय तपासणीला माझा विरोध नाही. जिथे उत्तराने पुढचं पाऊल बदलतं तिथे ती कराच, कर्ज काढून करा. पुतणीच्या पुस्तिकेत मात्र पाऊल बदलायला जागाच नव्हती. त्यावर त्या विद्यार्थ्याचं म्हणणं, "लोकांना हवं असतं, सर." लोकांना काविळीची माळही हवी असते.

नातेवाइकांनी मग काहीच करू नये का? करावं, पण स्वस्तातलं. न उतरणारा थकवा, सांधेदुखी, पिवळे डोळे, अंगाला खाज यांपैकी काही असलं की एसजीपीटी आणि अल्कलाइन फॉस्फटेस पाहावं. ते जिल्हा रुग्णालयातही होतं. बिघडलेलं दिसलं तर आयजीजी आणि स्वप्रतिपिंडं. आणि आपण काय पोटात घालतो त्यावर डोळा ठेवावा, कारण कल असलेल्या शरीराला ठिणगी बाहेरून पडते. लघवीच्या जंतुसंसर्गावरची नायट्रोफ्युरँटॉइन आणि मुरुमांवरची मिनोसायक्लिन, या दोन औषधांनी काही जणांत हुबेहूब असाच आजार पेटतो, हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे.

गुळवेलीचं नाव घेतलं की आमच्याकडे अजून वाद होतो. करोनात पंचवटीपासून सिडकोपर्यंत घराघरात काढे उकळत होते. कडुनिंबावर चढलेल्या गुळवेलींची मुळासकट लूट झाली. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. काहींच्या यकृताच्या तुकड्यात ऑटोइम्युन आजाराच्याच खुणा होत्या. आयुष मंत्रालयाने ती दिशाभूल करणारी म्हटली. पुढे देशातल्या तेरा केंद्रांतून ४३ रुग्णांची नोंद आली. माझ्या आईने आम्हाला गुळवेल दिलेली आहे आणि आम्ही ठणठणीत आहोत. पण प्रतिकारशक्ती वाढवणारी म्हणून जी वनस्पती घ्यायची, ती ज्याची प्रतिकारशक्ती आधीच घरच्यांवर उलटायला टपलेली आहे त्याला कशी पचेल, हा प्रश्न विचारण्यात आयुर्वेदाचा अपमान कसला? प्रकृती पाहून औषध द्यावं, असं आयुर्वेदच सांगतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो. वहिनींना प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू झालं, महिन्याभरात एसजीपीटी खाली आलं, चेहरा गोल झाला. स्टिरॉइड कमी करायचं म्हणून ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध जोडायचं ठरलं. डॉक्टर काळजीवाले होते. हे औषध काहींच्या अस्थिमज्जेला बाधतं, म्हणून त्यांनी आधी टीपीएमटीची, म्हणजे हे औषध निकामी करणाऱ्या विकराची, तपासणी करून घेतली. नमुना मुंबईला गेला, रिपोर्ट नॉर्मल आला, आम्ही निश्चिंत झालो. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी वहिनी न्हाणीघरातून हाक मारू लागल्या. मी धावलो, तर मोरीच्या जाळीवर केसांचा पुंजका साचून पाणी तुंबलेलं. "भाऊजी, हे बघा," म्हणत त्यांनी डोक्यावरून हात फिरवला आणि मूठभर केस मुठीत आले, ओढावेही लागले नाहीत. तोंडात फोड, संध्याकाळी ताप. पांढऱ्या पेशी अकराशे. दहा दिवस रुग्णालयात, त्यातले चार अगदी टांगणीचे.

नंतर कुणा ज्येष्ठ डॉक्टरांनी सुचवलं म्हणून एनयूडीटी१५ या जनुकाची तपासणी झाली. हे जनुक ॲझाथायोप्रिनपासून शरीरात बनणारे विषारी अंश निकामी करणारं विकर बनवतं. वहिनींच्या त्या जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या निघाल्या. त्यांच्यासाठी साधा डोस म्हणजे विषच होतं.

टीपीएमटीतला दोष युरोपातल्या लोकांत जास्त, दहांत एकाकडे एक तरी बदललेली प्रत. म्हणून पाठ्यपुस्तकांत तेच नाव पक्कं झालं. पूर्व आशियात टीपीएमटीचा दोष कमी आणि तरी पांढऱ्या पेशी कोसळण्याचे प्रकार जास्त, हे कोडं कोरियातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये एनयूडीटी१५ शोधून सोडवलं. भारतीयांतही टीपीएमटीपेक्षा एनयूडीटी१५ मधलेच बदल जास्त आढळतात. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत दोन्हींचा समावेश आहे. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर अशा आजारात हे औषध टाळा, एक बदललेली असेल तर डोस कमी ठेवून सुरू करा, इतक्या स्पष्ट भाषेत. आमच्या डॉक्टरांनी केलेली तपासणी चुकीची नव्हती, फक्त दुसऱ्या खंडाच्या माणसाची होती.

तर ही जनुकीय तपासणी आपल्याकडे व्हायला हवी. आयुष्यात एकदा, काही हजारांत, आणि तिच्या उत्तराने त्याच दिवशी औषधाच्या चिठ्ठीवरचा आकडा बदलतो. यकृतच नव्हे, संधिवात, ल्युपस, आतड्यांचे दाह, मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण, मुलांचा रक्ताचा कर्करोग, जिथे जिथे हे औषध किंवा त्याचं भावंड ६-एमपी वापरतात तिथे ती उपयोगी. जनआरोग्य योजना रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाचा खर्च उचलते. वहिनींचे ते दहा दिवस तिच्यात बसू शकले असते, ते टाळणारी बाह्यरुग्ण तपासणी मात्र नाही. हा उलटा हिशेब बदलायला हवा. जिल्हा रुग्णालयातून ॲझाथायोप्रिन सुरू होणाऱ्या प्रत्येकाचं एनयूडीटी१५ सरकारी खर्चाने व्हावं, आणि ते होईपर्यंत पहिले दोन महिने दर आठवड्याला एक सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. सीबीसी तर आजही चहा-भजीच्या पैशात होतं. ते करायला सांगणारं कुणी तरी हवं आणि पेठहून एसटीने येणाऱ्या बाईला दर आठवड्याला यायचं भाडं हवं. आरोग्यसेविकेने गावातच नमुना घेतला तर तेही वाचेल.

वहिनी आता दुसऱ्या औषधावर आहेत. केस परत आले, पूर्वीपेक्षा कुरळे. यंदा चकल्या त्यांनीच पाडल्या.

पुतणीला मी परवा कागदावर चौकोन काढून दाखवला, तोच तो वाटाण्यांचा. आईच्या एनयूडीटी१५ च्या दोन्ही प्रती बदललेल्या, म्हणजे मुलीकडे त्यातली एक आलेलीच. इथे शक्यता वगैरे काही नाही. चाळीस पानी पुस्तिकेत तिच्याबद्दल ठामपणे सांगता येण्याजोगी हीच एक गोष्ट होती आणि नेमकी तीच त्यांनी तपासली नव्हती. "म्हणजे काका, एकतीस वर्षांनी वाटाणे कामाला आले," असं म्हणून तिने तो चौकोन नीट घडी करून पाकिटात ठेवला. आधार कार्डामागे, रक्तगटाच्या चिठ्ठीशेजारी. त्यावर मी लिहून दिलं आहे: एनयूडीटी१५, किमान एक प्रत बदललेली, ॲझाथायोप्रिन किंवा ६-एमपी देण्याआधी डॉक्टरांनी पाहावे.

सिन्नरकरांचा निरोप आठवड्याने आला, विचार करून कळवतो म्हणून. पुतणीने दादांना सांगितलं, "कळवा त्यांना, आमचाही विचार चालू आहे."